चार अपवाद

दिराने जेवताना खिशातून कागद काढला,
आमटीच्या वाटीशेजारी उलगडला.
वर माझं नाव, खाते क्रमांक पुरता,
खाली तीन वर्षांच्या सात तारखा,
एकेकीला पिवळ्या शाईची हळद लावलेली.
दोन हजार. दोन हजार. दिवाळीत तीन.
आणि समोर दर वेळी एकच नाव, सुरंगा वि. खोत.

कोण ही, असं कुणी विचारलंच नाही.
नुसते जेवायचे थांबले.
फ्रीज तेवढा बोलत राहिला.

सकाळी कांजूरच्या शाखेत गेले.
काउंटरमागे तळपदे. याच्याच बायकोच्या
अकरा साड्यांना मी फॉल लावलाय,
मोरपिशीचे तर पैसेही अजून यायचेत.
म्हणाला, वहिनी, घरचाच माणूस होता,
मला वाटलं तुम्हीच पाठवलंय.
मॅनेजरने चहा मागवला.
चहा म्हणजे माफी नव्हे, हे मला
संसाराच्या एकोणीस वर्षांनी शिकवलेलं.
मी म्हटलं, अर्जाची पोच द्या. तारखेसकट.

तीस दिवसांनी पत्र आलं:
आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
गैरसोय!
नळाला पाणी आलं नाही, की होते ती गैरसोय.

बोरा बाजारात, दोन जिने चढून, वकीलबाई विजयकर.
त्यांनी बोटं मुडपून सांगितलं,
बँकेने तोंड उघडावं अशा जागा चारच:
कायद्याने भाग पाडलं तर,
लोकांचं हित अडलं तर,
बँकेचं स्वतःचं अडलं तर,
आणि तुम्ही होय म्हणालात तर.
अंगठा मोकळा राहिला.
मी त्या अंगठ्याकडे बघत बसले.
दिराला उत्सुकता होती, हे तिथेही बसेना.

म्हणाल्या, लोकपालाकडे जाऊ. नाहीतर ग्राहक आयोग आहेच.
मनस्तापाचेही पैसे मिळतात.
फक्त मला नीट सांगा, नुकसान काय झालं?
आणि सुरंगा कोण?

खाली हातगाडीवरून लग्नपत्रिकांचे गठ्ठे उतरत होते.
म्हणजे हे असं आहे तर,
फुटलेल्या गोष्टीची भरपाई हवी
तर ती पुन्हा एकदा आपणच फोडायची,
या खेपेला तीन प्रतींत, सहीशिक्क्यानिशी.

बाई, मी फॉल-पिको करते.
फॉल आतून लावायचा असतो,
टाका वर दिसला की गिऱ्हाईक साडी परत करतं.
दिसत नाही म्हणून कुणी म्हणत नाही
की बाईने काहीतरी लपवलंय.

नाव कागदावर गेलंच आहे, त्याला इलाज नाही.
माणूस माझ्याकडे राहू दे.
तुम्ही लिहा:
अर्जदार दुकानातून आली की तिची पिशवी बघितली जाते.
अर्जदाराचा नवरा तिच्याशी बोलतो,
पण आधी भावाकडे बघून.
कुणीतरी त्या पत्त्यावर जाऊन आलं,
काय बोललं, अर्जदाराला माहीत नाही.
त्यानंतर सात तारखेला पैसे गेले
आणि आठ तारखेला परत आले. खाते बंद.
तिचा फोनही लागत नाही.
एवढं लिहा. याच्यापुढे मी काही सांगणार नाही,
तुम्हालाही नाही, लोकपालालाही नाही.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं,
थोड्या वेळाने परत उचललं.
चालेल, म्हणाल्या. बघू.

पाच महिने गेले त्यात.
तळपदेची बदली झाली.
त्याची बायको आता साड्या भांडुपला टाकते,
मोरपिशीचे राहिलेच.

परवा मशीनवर फोन थरथरला:
आपल्या खात्यात रु. चाळीस हजार जमा.
सवयीने आधी दाराकडे बघितलं,
मग फोन पालथा घातला.
चाळीस हजार म्हणजे वीस सात तारखा.
पायाखालची पट्टी दाबली, सुई चालू झाली,
बॉबिनमधला दोरा संपलाय
हे हातभर शिवून गेल्यावर कळलं.